बट्टा : इतवारीपासून शून्य मैलापर्यंत

नागपूरच्या जुन्या वस्तीचा नकाशा हे जणू आठवड्याचे पंचांगच आहे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी : ज्या वारी जेथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या पेठेला चिकटले आणि बाजार रोजचे झाले तरी नावे तशीच राहिली. त्यातही मान इतवारीचा. तेथील गल्ल्यांना नागपूरकर गल्ली म्हणत नाहीत, 'ओळ' म्हणतात. किराणा ओळ, भांडे ओळ, चितार ओळ, लोहा ओळ. दुकानांची ओळ म्हणून ओळ, इतका तो शब्द साधा आहे. हळद, मिरची, सुपारी यांचा वास मागे पडू लागला आणि काचेआडचे दिवे लखलखू लागले की सराफा ओळ आली असे समजावे.

आज सराफ म्हटला की सोन्याचांदीचे दागिने डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्दाचा अर्थ मात्र वेगळा आहे. सराफ म्हणजे नाणी बदलून देणारा, नाण्याची पारख करणारा. दागिना हा त्याच्या पेढीचा नंतरचा संसार. भोसल्यांच्या काळी या ओळीत बसणाऱ्या माणसाचे पहिले काम समोर आलेला रुपया कोणत्या टांकसाळीचा, किती झिजलेला आणि त्यात चांदी किती खरी, हे बोटांनी, कानांनी आणि तराजूने ठरवणे हे होते. रुपये अनेक होते. नागपूरचा स्वतःचा नागपुरी रुपया होता, पुण्याकडून चांदवडी आणि अंकुशी येत, दक्षिणेकडून हैदराबादचे नाणे येई, आणि इंग्रजांच्या छावणीतून कंपनीचा रुपया येई. सगळ्यांचे नाव रुपया, पण एकाची किंमत दुसऱ्याएवढी नव्हे. ज्या गावी जे नाणे चालते, त्या गावी ते पूर्ण; परक्या गावी त्यात काही तूट धरली जाई. या तुटीला बाजाराने बट्टा असे नाव दिले. वटाव हा त्याचाच सोबती शब्द. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो तेव्हा ती उपमा थेट सराफा ओळीतून उचललेली असते : नाणे खोटे नाही, पण पुऱ्या किमतीने कोणी घेत नाही. आणि धनादेश 'वटला' असे म्हणतो तेव्हाही जीभ त्याच पेढीवर बसलेली असते.

इंग्रज कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखात एकच रुपया ठरवला : वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. नागपूरचे राज्य तेव्हा त्या मुलखाबाहेर होते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, आणि हळूहळू नागपुरी रुपया बाजारातून वितळणाऱ्या मुशीत गेला. एक रुपया झाला म्हणजे बट्टा संपला असे कोणाला वाटले असेल, तर ते खरे ठरले नाही. १८६१ मध्ये सरकारी कागदी नोटा निघाल्या, त्यांची वर्तुळे पाडण्यात आली. ज्या वर्तुळाची नोट, त्याच वर्तुळात ती कायदेशीर चलन. नागपूर आणि अकोला ही दोन्ही नावे त्या काळच्या नोटांवर छापलेली आढळतात. कलकत्त्याची नोट घेऊन इतवारीत आलेल्या व्यापाऱ्याला ती बदलून घेताना काही आणे सोडावे लागत. एकाच राणीचे राज्य, तिच्याच नावाची नोट, आणि तरी परकी! पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू झाली, दहा व पन्नासांची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये. तेव्हा कुठे हा देशांतर्गत परदेश मिटला.

तोही पुरता नाही. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य होते आणि तेथे हाली शिक्का चालत असे. विदर्भातील व्यापाऱ्याने आदिलाबादकडे माल धाडला की उधारी हाली रुपयांत येई. १९५० मध्ये सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर होता, आणि हाली शिक्का व्यवहारातून पुरता नाहीसा होण्यास १९५९ साल उजाडले. म्हणजे आज ऐंशी ओलांडलेल्या ज्या वडीलधाऱ्यांच्या घरचा व्यापार त्या बाजूला होता, त्यांच्या बालपणी परकीय चलन ही नदीपलीकडची गोष्ट होती. आज त्यांचे नातू परदेशात कार्ड घासतात आणि चार टक्के कोठे गेले म्हणून चकित होतात. वडीलधारे फारसे चकित होत नाहीत.

नाणे नेण्यात चोराचीही भीती होती, म्हणून हुंडी. हुंडीचे शास्त्र व्यापारी घराण्यांना सांगावयास नको, पण नव्या पिढीसाठी दोन शब्द लिहिणे बरे. नागपूरच्या पेढीवर रक्कम भरावी, मुंबईच्या पेढीच्या नावे चिठ्ठी घ्यावी, तेथे ती दाखवून रोख मोजून घ्यावी. दाखवताच पैसे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी ती मुदती. या सेवेबद्दल जे द्यावे लागे त्याला मराठीत हुंडणावळ असा नेमका शब्द आहे. तिचा दर स्थिर नसे. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली, कापसाच्या गाठी तिकडे जाऊ लागल्या, आणि हंगामात येथे रोकड टंचाईची झाली की दर चढे, पावसाळ्यात उतरे. पण तो कितीही चढो, हुंडी लिहिण्यापूर्वी तोंडावर सांगितला जाई. घ्यावयाची तर घ्या, नाहीतर पलीकडची पेढी उघडी आहे.

हुंडीत आणखी एक गोष्ट होती, जी आजच्या विषयाशी फार जवळची आहे. हुंडी नाकारली गेली, म्हणजे समोरच्या पेढीने पैसे देण्यास नकार दिला आणि कागद परत आला, तर ज्याच्या हाती ती असे त्याला मूळ रकमेबरोबर भरपाई मिळण्याचा रिवाज होता. निकराई-सिकराई म्हणतात ती हीच. परत आलेल्या कागदाचा खर्च, व्याज, दराचा फरक, सगळे त्यात धरले जाई. परत येणे हे धारकाचे नुकसान आहे आणि ते त्याने एकट्याने सोसावयाचे नाही, हे बाजाराने कोणत्याही कायद्याची वाट न पाहता ठरवून टाकले होते. अर्थात जुन्या पेढ्यांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. बुडालेल्या पेढ्याही होत्या, आणि अडाणी शेतकऱ्याच्या चांगल्या नाण्याला उगाच बट्टा लावणारे सराफही होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन थेट बाजारातले आहेत. आचार्यांना ते मुद्दाम सांगावे लागले, यावरूनच काय ते समजावे.

इतवारीतून आता सीताबर्डीस जाण्यास मेट्रो आहे. चितार ओळ चौक किंवा अग्रसेन चौक स्थानकावर चढावे, दोसर वैश्य चौक, रेल्वे स्थानक, कॉटन मार्केट करीत गाडी सीताबर्डीस येते, तेथे मार्ग बदलून पुढचे स्थानक शून्य मैल आणि त्यापुढचे कस्तुरचंद पार्क. या थोड्याशा टापूत पैशाचा दीडशे वर्षांचा इतिहास गोळा झालेला आहे. कस्तुरचंद पार्कचे विस्तीर्ण मैदान ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते सर कस्तुरचंद डागा हे बन्सीलाल अबीरचंद या प्रख्यात पेढीचे धनी होते. मुलाखतीला येणारे तरुण, राजकीय सभा, पुस्तकांची प्रदर्शने, फटाक्यांची दुकाने, सगळे त्या मैदानाने पाहिले आहे. ते एका हुंडीवाल्या पेढीचे दान आहे, हे मैदानावर भेळ खाणाऱ्यांतील किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

मैदानाजवळच संविधान चौक. पूर्वी याला रिझर्व्ह बँक चौक म्हणत, कारण रिझर्व्ह बँकेचे कार्यालय येथेच आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ही एक सरकारी इमारत. पण देशाच्या राखीव सोन्यातील जो भाग भारतात ठेवला जातो, तो मुंबई आणि नागपूर या दोन ठिकाणच्या तिजोऱ्यांत असतो. १९९१ मध्ये परकीय चलन इतके आटले की देशाला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. ते ऋण फिटले. पुढे २०२३-२४ मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेल्या सोन्यापैकी शंभर टन भारतात आणण्यात आले. परदेशी ठेवलेले परत घरी येणे याची किंमत घरातील थोरांना बरोबर कळते. सोने आणण्यालाही विमान, विमा, पहारा लागतोच.

येथून हाकेच्या अंतरावर शून्य मैलाचा वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याजवळचे चार घोडे. स्तंभावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरे कोरलेली आहेत. इंग्रजी अमदानीत अंतर मोजणाऱ्यांनी ती दगडात कायमची केली. नागपूर ते हैदराबाद अंतर तेव्हाही तेवढेच होते, आताही तेवढेच आहे. एक रुपया मात्र हैदराबादेस पोहोचेपर्यंत किती उरेल, हे कोणत्या दगडावर कोरता येण्यासारखे नव्हते.

आता नागपूरकराला हैदराबाद हे परगाव राहिलेले नाही. वर्धा मार्गाने दक्षिणेस गेले की सोनेगावचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ येते, आणि येथून शारजा व दोहा येथे थेट विमाने जाऊ लागल्यापासून इतवारीच्या गादीवरून उठून माणूस रातोरात आखातात आणि तेथून जगात कोठेही पोहोचतो. जैन घराण्यांतील मुले अँटवर्पला हिऱ्यांच्या पेढ्यांवर आहेत, कोबेला मोत्यांच्या व्यापारात आहेत, इंग्लंडमध्ये शिकतात व संसार करतात. इंग्लंडमधील लेस्टर येथे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चचे रूपांतर करून उभे केलेले जैन मंदिर १९८८ पासून आहे. जैसलमेरच्या पिवळ्या दगडाचे कोरीव खांब त्या ढगाळ गावात पाहणाऱ्यास थबकवतात. लेक लेस्टरला, तिचे पहिले बाळंतपण, म्हणून आईवडील, भाऊ, भावजय असे चौघे निघाले, हा प्रसंग आज नवलाचा नाही.

इतवारीतील कोणत्याही घरात घडू शकेल असाच पुढचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. किराणा ओळीतील एक घर. दादाजी ऐंशीच्या पलीकडचे, डोळे अधू, पण खातेवही आजही त्यांच्यासमोर वाचली जाते. थोरली सून लेस्टरला गेली होती. तिने तेथे नणंदेच्या बाळासाठी आणि घरासाठी पाचशे पौंडांची खरेदी क्रेडिट कार्डावर केली. लोकरीचे कपडे मापाला बसेनात, पाळणा घरात मावेना, म्हणून तिसऱ्या आठवड्यात सगळा माल दुकानात परत दिला. दुकानदाराने एक शब्द न बोलता पाचशेच्या पाचशे पौंड कार्डावर परत केले आणि पावती दिली. नागपुरास आल्यावर हिशेब लावला, तर २,८१५ रुपये कमी.

"माल परत दिला, पावती आहे, मग पैसे पूर्ण का नाहीत?" दादाजींनी विचारले.

"दादाजी, दुकानाने पूर्ण दिले. बँकेत काही कापले असेल," नातू म्हणाला.

"कापले असेल हे हिशेबात लिहिता येत नाही, बेटा. कोणी कापले, किती, कशाबद्दल?"

उत्तर कोणाजवळ नव्हते. मुनीमजींनी तूर्त रक्कम सूनबाईंच्या नावे टाकली. २,८१५ रुपयांनी त्या घराचे काही अडत नव्हते. परंतु नाव खात्यावर चढले आणि दिवाळीला वहीपूजनापर्यंत तसेच राहिले असते, तर 'सूनबाईंनी परदेशात काहीतरी घोटाळा केला' हे वाक्य कोणी न उच्चारताही घरात राहिले असते. व्यापारी घरात असे शब्द वहीतूनच बोलले जातात.

हिशेब सोपा व्हावा म्हणून एक पौंड शंभर रुपयांचा धरू. पाचशे पौंडांचे झाले ५०,००० रुपये. परदेशी चलनातील खर्चावर बँक जी वरकड आकारणी करते तिला कार्डाच्या भाषेत मार्कअप म्हणतात. आपल्याकडील अनेक कार्डांवर ती साडेतीन टक्के असते, काहींवर दोन टक्के, थोड्यांवर मुळीच नसते. साडेतीन टक्क्यांनी झाले १,७५० रुपये. या आकारणीवर अठरा टक्के जीएसटी, ३१५ रुपये. म्हणजे खरेदीच्या वेळी खात्यावर पडले ५२,०६५. टक्केवारीने पाहता चार टक्के आणि वर थोडे. इतकी हुंडणावळ मागणाऱ्या पेढीसमोरून जुना व्यापारी उठून गेला असता. तीन आठवड्यांनी माल परत गेला तेव्हा पौंड उतरून साडेअठ्ठ्याण्णव रुपये झाला होता. परत आलेल्या पाचशे पौंडांचे झाले ४९,२५०. दराच्या उतारात ७५० गेले आणि मार्कअप व त्यावरचा कर मिळून २,०६५ परत आलेच नाहीत. बेरीज २,८१५.

यात चोरी कोणाची नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. खरेदी आणि परतावा हे ग्राहकाच्या मनात एकाच व्यवहाराचे दोन अर्धे असतात. कार्डाच्या यंत्रणेच्या लेखी ते दोन स्वतंत्र व्यवहार आहेत, आणि प्रत्येकाला आपापल्या दिवसाचा दर लागतो. तो दिवसही दुकानात कार्ड लावल्याचा नव्हे. व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्याकडे तो व्यवहार प्रत्यक्ष चुकता होतो, त्या दिवसाचा. त्यामुळे शनिवारी केलेल्या खरेदीला सोमवारचा किंवा मंगळवारचा दर लागू शकतो. पौंड चढला असता तर हेच गणित उलटे झाले असते आणि परताव्यात चार पैसे अधिक आले असते. तेव्हा मात्र कोणी विचारणा केली नसती, हेही खरे. मार्कअपची गोष्ट निराळी. परताव्याबरोबर ती परत द्यावयाची की नाही, याबाबत सर्व बँकांची रीत सारखी नाही. ज्या त्या कार्डाच्या अटींत ते लिहिलेले असते. लिहिलेले असते म्हणून ते लपवलेले नाही असे म्हणावे लागते. पण जुन्या सराफाने बट्टा तोंडावर सांगितला आणि नव्याने तो चाळीस पानांच्या अटींत सांगितला, यात कोणता अधिक सांगितला, हा प्रश्न दादाजींसारख्यांच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

सूनबाईंनी एक गोष्ट मात्र बरोबर केली होती, आणि तिच्याबद्दल त्यांना कोणी शाबासकी दिली नाही. दुकानातील यंत्राने विचारले होते : रक्कम पौंडांत घ्यावी की रुपयांत? परमुलखात रुपयाचे चिन्ह दिसले की मन निवते, रक्कम ताबडतोब समजते, आणि बहुतेकांचे बोट त्याच बाजूला जाते. सूनबाईंनी पौंड निवडले. रुपये निवडले असते तर दर ठरवण्याचा अधिकार दुकानाच्या यंत्रामागील कंपनीकडे गेला असता. तिने पौंडाचे १०५ लावले असते तर तेथेच ५२,५०० झाले असते. शिवाय परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्याकडील अनेक बँका टक्काभर आकारणी व तिजवर जीएसटी लावतात. ५२५ आणि साडेचौऱ्याण्णव. एकूण ५३,११९ रुपये आणि वर पन्नास पैसे, म्हणजे पौंडांत दिल्यापेक्षा हजारावर अधिक. आपले नाणे परगावी दाखवणाऱ्याला बट्टा अधिक लागतो, हा सराफा ओळीचा जुना अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडतो. यंत्राने विचारल्यास त्या गावचे नाणे निवडावे आणि पावतीवर तेच छापले आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

या नियमाचा एक काटा घरबसल्याही बोचतो. गांधीबागेतील कापडाच्या गादीवरून न उठता संगणकाची एखादी प्रणाली, जाहिरातीची जागा किंवा मुलाच्या अभ्यासाची वर्गणी विकत घेतली जाते. किंमत रुपयांत दिसते, पण विकणारी कंपनी परदेशात नोंदलेली असते. महिनाअखेर बिलात दहावीस रुपयांची एक अनोळखी ओळ उमटते. ती हीच.

परताव्याबाबत दोन बारकावे आणखी आहेत. खरेदी केल्या दिवशीच विचार बदलला, तर दुकानदारास परतावा न देता व्यवहारच रद्द करण्यास सांगावे. रक्कम पुढे चुकती होण्यापूर्वी रद्द झाली, तर चलनबदल घडतच नाही. नाणे तराजूत पडण्याआधीच उचलून घेतल्यासारखे. हॉटेलात ठेव म्हणून जी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात तिचेही तसेच : ती सोडून दिली तर बट्टा नाही, मात्र हॉटेलाने ती आधी वसूल करून मग परत केली, तर दोनदा चलनबदल होतो. खोली सोडताना एवढे विचारून घेण्यास संकोच कशाला!

दुसरे, परतावा यावयाचा आहे म्हणून बिल थांबवू नये. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांप्रमाणे बिल भरण्याची मुदत संपण्यापूर्वी परतावा आला आणि ती रक्कम अजून भरलेली नसेल, तर तो लगेच देय रकमेतून वजा करून ग्राहकास कळवावा लागतो. पण परतावा मुदतीनंतर आला, तर मधल्या काळाचे व्याज ग्राहकाच्या माथी. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून ही व्यवस्था सर्व देशासाठी एक झाली आहे, आणि तिला वकील लागत नाही.

इंग्लंडमध्ये पर्यटकांना दुकानातील करही परत मिळत असे. ती सोय १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बंद झाली. जुन्या आठवणीवर विसंबून विमानतळावर पावत्यांचा जुडगा घेऊन उभी राहणारी मंडळी अजून दिसतात.

मग कार्डच नेऊ नये काय? असे म्हणणे म्हणजे वाटेत चोर आहेत म्हणून व्यापारच न करणे. रोख चलन विकत घेतानाही विक्री व खरेदीच्या दरांत अंतर असते, आणि उरलेले परत विकताना ते अंतर दुसऱ्यांदा मोजावे लागते. फॉरेक्स कार्डावर नाणे आधीच भरून नेता येते, म्हणजे दर निघण्यापूर्वी पक्का होतो. पण भरलेल्या नाण्याखेरीज दुसऱ्या नाण्यात खर्च केला की तेथेही आकारणी आहे. क्रेडिट कार्डाने परदेशात एटीएममधून रोख काढणे हा सर्वांत महागडा मार्ग. व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. ज्या घरातून वर्षातून एकदा तरी परदेशी जाणे होते, त्या घराने मार्कअप नसलेले किंवा कमी असलेले एक कार्ड केवळ त्यासाठी ठेवणे शहाणपणाचे. जाण्यापूर्वी कार्डावरील परदेशी वापराची मुभा स्वतः चालू करावी लागते, आणि परतल्यावर ती बंद करण्यास विसरू नये. सिंगापूरच्या पेनाऊशी फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय जोडले गेले, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर, श्रीलंकेत आणि मॉरिशसमध्ये ते पोहोचले. मोबाइलवरून पैसे गेले तरी नाणे मध्ये कोठेतरी बदलतेच. बदलणारा दिसत नाही इतकेच.

किराणा ओळीतील त्या घरी नातवाने बँकेचे दोन्ही महिन्यांचे विवरण कागदावर छापून आणले. ५०,००० ची ओळ, १,७५० ची ओळ, ३१५ ची ओळ आणि पुढच्या पानावर ४९,२५० ची जमा. एकेक आकडा त्याने मोठ्याने वाचला. दादाजी डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "यंत्राने रुपये विचारले तेव्हा सूनबाईंनी काय सांगितले?"

"पौंड म्हणाले, दादाजी," दाराआडून सूनबाईंनी उत्तर दिले. "ताईंनी आधीच सांगून ठेवले होते."

"मग हजार रुपये वाचवले त्यांनी." दादाजींनी मुनीमजींकडे मान वळवली. "सूनबाईंच्या नावची ती रक्कम काढा. वटाव खात्याला टाका."

मुनीमजींनी लेखणी उचलली. संगणक आल्यापासून वटाव खाते फारसे लागत नसे. वहीत ते पान शोधण्यास त्यांना थोडा वेळ लागला.